पाण्याची आतली बाजू

आमच्या जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणायची फार जुनी चाल आहे. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्यानं इथली बाजारपेठ पाहून म्हटलं असावं. नळ उघडून पाहिला असता तर शब्द जरा जपून वापरले असते. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन जालना. मधे नदी आहे खरी, पण वर्षातले पुष्कळ दिवस ती पुलाखालची एक जागा म्हणूनच राहते. मी नवीन जालन्यात राहते. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर आमच्या भागाकडे येतं, ही आमची मोठी अभिमानाची गोष्ट. पण तलावात असेल तर ना! २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या बायका टँकरच्या भोंग्यावर उठत आणि टँकरच्या भोंग्यावरच निजत. कितीतरी वर्षं आमच्या घरच्या कॅलेंडरावर एकादशीपेक्षा पाणी येण्याच्या दिवसाला ठळक खूण असे.

अशा गावातल्या, चाळिशी उलटलेल्या, मराठी शिकवणाऱ्या बाईला पाण्याखाली जाऊन फोटो काढण्याचा नाद लागावा, ही गोष्ट तुम्हाला विनोदी वाटेल. वाटू द्या. आमच्या प्राध्यापक-कक्षात ती सर्वांनाच वाटते. अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी तर प्रत्येक उन्हाळ्यात न चुकता विचारतात, "काय बाई, नळाला पाणी आलं की त्याच्याखाली जाणार ना?" आणि मी कॅमेरा विकत आणला त्या दिवशी आमच्या 'ह्यां'नी पावतीवरचा आकडा पाहून अगदी शांतपणे म्हटलं, "बरं झालं. पैसे पाण्यात घालतात म्हणजे काय करतात, ते आज कळलं."

मराठीची बाई असल्यामुळे अशा वाक्यांवर मला रागावता येत नाही. मी ती मनात टिपून ठेवते. आपल्या भाषेत पाण्याविषयी वाक्प्रचार थोडे का आहेत? पण जरा नीट पाहा. पैसा वाया गेला की तो पाण्यात जातो. शत्रूची खोड मोडली की त्याला पाणी पाजलं जातं. एखाद्याचा मनातून द्वेष करायचा म्हणजे त्याला पाण्यात पाहायचं. आणि आमच्या खेड्यांत बायकांच्या तोंडी, आवाज खाली आणून, आणखी एक वाक्य असतं: 'तिनं विहीर जवळ केली.' पाण्यावर जीव टाकणाऱ्या मुलखानं पाण्याच्या पोटाविषयी एकही चांगला शब्द तयार करू नये, याचं मला पुष्कळ दिवस नवल वाटत असे. आता वाटत नाही. आम्ही पाण्याकडे नेहमी वरूनच पाहिलं. विहिरीच्या काठावरून, हंड्याच्या तोंडातून, पुलाच्या कठड्यावरून. आणि त्यातून आम्हा बायकांना पाणी ठाऊक असतं ते मुख्यतः वजन म्हणून. डोक्यावर दोन, कमरेवर एक.

माझं माहेर अंबड तालुक्यातलं. तिथं मुलगे सात-आठ वर्षांचे झाले की पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलून देत. ती पोहायची शाळा. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे सदरे सांभाळायचो. मुलीनं विहिरीत डोकावलं तरी पाठीत धपाटा बसे. तो धपाटा नुसता काळजीचा नसे. त्यात एक जुनं भय असे. त्याविषयी पुढं सांगेन.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणला गेलो. जालना ते मालवण हे अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक. कोरड्या काळ्या मातीतून निघून नारळाच्या सावलीत पोचेपर्यंत माणसाची हाडं खिळखिळी होतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो आणि माझा सगळा शीण उतरला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. तटबंदी, बुरूज, महाराजांच्या हाताचा नि पायाचा ठसा, हे सगळे पाहतात, मीही पाहिलं. पण खरी अडकले ती तिथल्या तीन विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चहूकडे खारा समुद्र, आणि मधल्या एवढ्याशा खडकात गोड पाण्याच्या तीन विहिरी! ज्यानं त्यांना ही नावं दिली, तो माणूस नक्कीच माझ्यासारख्या एखाद्या कोरड्या गावचा असला पाहिजे. समुद्राच्या काठी राहणाऱ्याला पाण्यात एवढं दूध, दही, साखर कुठून दिसणार?

त्याच दुपारी मुलाच्या हट्टापायी पाण्याखाली गेले. मालवणच्या किनाऱ्यावर आता हा धंदा चांगलाच वाढला आहे. पोहता न येणाऱ्यालाही पाठीला हवेची टाकी बांधून, तोंडात नळी देऊन, एक वाटाड्या हाताला धरून खाली नेतो. त्या टाकीत प्राणवायू असतो असं आपण समजतो. खरं म्हणजे त्यात आपली नेहमीचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. जाण्यापूर्वी हाताच्या खुणा शिकवतात. त्यातली एक मजेदार आहे. आपण आंगठा वर केला की 'झकास' असा अर्थ घेतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर ने' असा होतो. पहिल्यांदा जाणारी निम्मी माणसं म्हणे आनंदानं आंगठा दाखवतात आणि लगेच वर आणली जातात. माझा वाटाड्या विशी-पंचविशीतला पोरगा होता. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "बाईनू, काय एक होवचा नाय," आणि खरोखरच काही झालं नाही. पाच-सहा मीटरांवर वाळू होती, खडक होते, आणि अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेल्या मासोळ्यांचा एक थवा माझ्या चष्म्यासमोर येऊन थबकला होता.

मासोळ्या थबकल्या त्याचं कारण पुढं कळलं. कुणीतरी पावाचे तुकडे सोडत होतं. मासे पावाशी, पाव माझ्याशी, आणि समोरून माझा फोटो. संध्याकाळी ते फोटो मोबाइलवर आले. मी माशांच्या घोळक्यात, दोन्ही हात पसरून, लग्नातल्या वधूसारखी. घरचे खूश झाले. मला मात्र तो फोटो पाहून काहीसं चुकल्यासारखं झालं. तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ सालापासून अभयारण्य आहे. माशांना तिथं त्यांचं स्वतःचं खाणं आहे, खडकावरचं शेवाळ खरवडण्याचं स्वतःचं काम आहे. त्यांना पावावर बोलावून माझ्याभोवती उभं करायचं, म्हणजे गरिबाला धोतरजोडी देतानाचा फोटो काढून घेण्यासारखंच झालं. मराठीत फोटो 'काढून घेणं' आणि फोटो 'काढणं' यांत केवढा फरक आहे! एकात आपण दिसतो. दुसऱ्यात आपल्याला दिसतं. मला दुसरं हवं होतं.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, बायकांच्या तासाला तरणतलावावर जाऊन पोहायला शिकले. त्रेचाळिसाव्या वर्षी, सहा-सात वर्षांच्या मुलींच्या रांगेत! त्या मुली मला 'आंटी, पाय मारा ना' म्हणत. पाय मारत मारत तीन महिन्यांत मी पाण्यावर राहू लागले, आणि पुढच्या तीन महिन्यांत पाण्याखाली. दुसरी गोष्ट म्हणजे तो कॅमेरा.

कॅमेरा अगदी लहान आहे. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा जाड. पण अंगानं घट्ट आणि झडपांना रबराच्या कडा. पंधरा मीटर खोलीपर्यंत तो वेगळ्या पेटीशिवाय चालतो. पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पंधरा मीटरांवर तो मूठभर यंत्र आपल्या नेहमीच्या अडीचपट दाब सोसून उभं असतं. या सगळ्याची मदार त्या रबरी कडेवर. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तर समुद्राला आत शिरायला तेवढी वाट पुरते. म्हणून झडप लावण्यापूर्वी ती कड मऊ कापडानं पुसायची, उजेडात धरून पाहायची. निरांजनाची वात करताना आई जशी कापूस वेचून बघते, तसंच हे काम आहे. घाईच्या माणसानं करू नये.

सराव घरीच सुरू केला. बादलीत पितळी तांब्या ठेवून त्याचे फोटो! स्वयंपाकघरातून सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तो तांब्या बाहेर काढून घे ना फोटो, चांगला चकचकीत येईल." मग अंगणातल्या हौदात. हौदाच्या तळाशी चिंचोके, बांगडीचे तुकडे, मुलाची जुनी गोटी. आणि तिथं मला कळू लागलं, की पाण्याखालच्या फोटोचं व्याकरण निराळं आहे.

पहिला नियम असा, की पाण्यात सगळं आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठं दिसतं. प्रकाश पाण्यातून काचेच्या अलीकडच्या हवेत येताना वाकतो. त्यामुळं चार हातांवरची वस्तू तीन हातांवर वाटते. आपण हात पुढं करतो आणि हातात काही येत नाही. दुसरा नियम अधिक कडक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट, आणि त्यात सदा बारीक कण तरंगत असतात. जमिनीवर लांबच्या वस्तूसाठी आपण यंत्राला दूर पाहायला लावतो. पाण्यात ते चालत नाही. मधलं पाणीच फोटोत येतं. आणि झगझगीत दिवा लावला, तर मधले सगळे कण उजळून फोटोवर जणू पिठी सांडते. उपाय एकच. जवळ जायचं. हातभर अंतरावर, जमलं तर त्याहूनही जवळ. मासा पळतो, मग पुन्हा स्थिर व्हायचं, श्वास मंद करायचा, त्याची आपल्याला सवय होऊ द्यायची. घाबरवून पाण्याखाली एकही चांगला फोटो निघत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच आहे. पण तो निराळा विषय.

तिसरा नियम रंगांचा. तो कळायला हौद पुरत नाही; त्याला खोल पाणी लागतं. पुढच्या दिवाळीत मालवणला पुन्हा गेले तेव्हा तोच वाटाड्या होता. होडीत त्याच्या मनगटावर देवीचा लाल दोरा दिसला. चांगला ताजा, कुंकवासारखा लाल. आठ मीटर खाली गेल्यावर त्यानं एका फटीतला खेकडा दाखवायला हात पुढं केला, आणि मी दचकले. दोरा काळा पडला होता. लाल नव्हे, तपकिरीही नव्हे, काळपट. शेजारची माझी हिरवी पट्टी हिरवीच होती. पाणी सूर्याच्या उजेडातला लाल भाग सर्वांत आधी गिळतं. पाच-सहा मीटरांतच त्याचा बराचसा भाग संपतो. मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी उरतो तो निळा. वर आल्यावर मी त्या पोराला हे सांगितलं, तर तो हसला. त्याला ते लहानपणापासून ठाऊक होतं. लाल मासळी खोल पाण्यात उठून दिसत नाही, उलट लपते, हे त्यानंच मला सांगितलं.

पण गंमत पुढंच आहे. मी जवळून, अगदी वीतभर अंतरावरून, कॅमेऱ्याचा दिवा लावून त्या हाताचा फोटो घेतला होता. संध्याकाळी पाहिला, तर दोरा लालभडक! रंग कुठं गेलाच नव्हता. त्याच्यापर्यंत उजेड पोचत नव्हता, एवढंच.

तुम्ही म्हणाल, बाई आता तत्त्वज्ञान सांगणार. नाही सांगत. त्याऐवजी एक जुनी हकीकत सांगते. १८९३ साली लुई बुताँ नावाच्या एका फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्राखाली फोटो काढले. कॅमेरा तांब्याच्या पेटीत बंद, आणि एकेका फोटोला कधी कधी अर्धा अर्धा तास उजेड लागे. पुढं १९२६ साली फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. त्यासाठी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून भडका उडवावा लागला. ते फोटो १९२७ च्या जानेवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आले. त्यानंतरही कितीतरी वर्षं फिल्मच्या एका रिळावर छत्तीस फोटो, आणि सदतिसाव्यासाठी पाण्याबाहेर! आज तेच काम माझ्यासारख्या बाईच्या मुठीत मावतं, आणि नको ते फोटो पुसून टाकले तर पैही लागत नाही. त्या लोकांनी एका माशाच्या रंगासाठी तराफ्यावर दारूगोळ्याचा खेळ मांडला, हे मनात आलं, की मला माझा छंद फारसा वेडा वाटत नाही.

समुद्रातून आल्यावर कॅमेऱ्याला आंघोळ लागते. मीठ वाळलं की ते रबराला आणि खिट्ट्यांना खातं. म्हणून अर्धा तास तरी त्याला गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. पहिल्या दिवशी लॉजवर बादलीभर गोडं पाणी त्या एवढ्याशा यंत्रासाठी भरताना माझा हात अडखळला. नंतर ते पाणी टाकून देणं तर मला जमलंच नाही. मी त्यात सगळ्यांचे रुमाल धुतले. ह्यांनी त्या रुमालांचाही फोटो काढायला सुचवलं.

आता ते मघाचं भय. आमच्या माहेरच्या मळ्यात एक विहीर आहे. दगडी बांधणीची, एका बाजूनं पायऱ्या, काठावर कडुनिंब. मी नऊ वर्षांची असताना माझी धाकटी काकू त्या विहिरीत गेली. कशी, का, हे मुलांना कुणी सांगितलं नाही; मोठ्यांनीही आपसांत फारसं बोललेलं मी ऐकलं नाही. काकूचं वय तेव्हा बाविशी-तेविशीचं असेल. ती मला वेणी घालताना गुणगुणत असे, एवढंच मला आठवतं. त्यानंतर ती विहीर 'मळ्यातली' राहिली नाही. ती नुसती 'ती विहीर' झाली. पाणी मोटारीनं शेताला जाई, पण पिण्यासाठी कुणी भरत नसे. मुलांचं पोहणं दुसऱ्या विहिरीवर गेलं. पायऱ्यांच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या त्या टाकल्या. आणि माझ्या आईनं, जिचा त्या जावेवर बहिणीसारखा जीव होता, इतक्या वर्षांत तिच्याविषयी माझ्याजवळ एकच वाक्य काढलं. तेही दहा-बारा वेळा, मधेच, भाजी निवडताना किंवा दिवे लावताना. "तिला अंधाराची फार भीती होती गं. रात्री परसात जायचं तर मला उठवायची."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते मला कधीच सुचलं नाही.

गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा विहिरी निम्म्याच्या वर भरल्या होत्या, आणि गाळ बसून पाणी निवळलं होतं. मी धाकट्या भावाला म्हटलं, "मला त्या विहिरीत उतरायचंय. कॅमेरा घेऊन." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला सांगून उतर, ताई. न सांगता नको." मी आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. नाही म्हणाली नाही, एवढ्यावरच मी होकार धरला.

भर दुपारी, सूर्य माथ्यावर असताना गेलो. भावानं काट्या बाजूला केल्या. कमरेला दोर बांधला, त्याचं टोक त्याच्या हातात. आणि गावातले दोन पट्टीचे पोहणारे पायऱ्यांवर बसवले. पाठीला टाकी वगैरे काही नाही. डोळ्यांना चष्मा, आणि छातीत मावेल तेवढा श्वास. पाणी गार होतं. समुद्राचं पाणी निळं, विहिरीचं हिरवं; त्यातलं बारीक शेवाळ उजेडाला हिरवा करून सोडतं. पहिल्या बुडीत पायऱ्या दिसल्या. वर दिसतात तशाच त्या खालीही एकीखाली एक उतरत गेल्या होत्या, जणू घरातल्याच. दुसऱ्या बुडीत दगडांच्या सांध्यांतून बोटभर मासोळ्या निघाल्या. एका कोनाड्यात कुणाचा तरी जुना पोहरा पडला होता, आणि त्याच्यावर मऊ हिरवी साय धरली होती.

तिसऱ्या बुडीत मी माणूसभर खोल जाऊन उलटी वळले आणि वर पाहिलं.

पाण्याखालून वर पाहिलं, की सगळं आकाश एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. काठावरची झाडं, माणसं, विहिरीचं सगळं तोंड, हे सारं त्या एका वर्तुळात वाकून येतं. वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात खालचंच उलटं दिसतं. प्रकाशाच्या वाकण्याचाच हा खेळ आहे. पुस्तकात त्याची आकृती असते. पण आकृती निराळी आणि ते दृश्य निराळं. त्या गोलाच्या कडेला निंबाची फांदी हलत होती. पायऱ्यांवर बसलेले दोघे होते. दोर धरून वाकलेला माझा भाऊ होता. आणि त्या गोलातून उन्हाच्या तिरिपा खाली येत होत्या, माझ्या अंगावरून पुढं, तळाकडे, जिथवर दृष्टी पोचत होती तिथवर. माझ्या कॅमेऱ्यात तो सगळा गोल मावला नाही. एवढी रुंद नजर त्याला नाही. अर्धा आला. पण तिरिपा आल्या.

संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसून कॅमेऱ्याचा लहानसा पडदा तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा पुसला. पायऱ्या पाहिल्या, मासोळ्या पाहिल्या. "हा पोहरा आपला," ती म्हणाली, "तिच्याच हातून पडला होता. सासूबाई किती बोलल्या होत्या." मग मी तो शेवटचा फोटो काढून दिला. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. मला वाटलं तिला कळत नाहीये, म्हणून मी सांगू लागले, हे आकाश, हा निंब, हे ऊन...

"कळतंय मला," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे आतून असंच दिसतं?"

"दुपारचं असंच दिसतं, आई."

"ती दुपारचीच गेली होती."

एवढंच ती बोलली. मीही काही बोलले नाही. फोटोनं कुणाचं दुःख जात नाही, आणि काकूचं काय दुखत होतं ते त्या विहिरीच्या तळाशी शोधून सापडणारही नाही. ते घरातच कुठं तरी होतं आणि घरातच विचारायला हवं होतं. पण त्या रात्री आईनं मला, भावजयीला आणि भावाच्या दोन्ही मुलींना जवळ बसवून काकूविषयी पुष्कळ सांगितलं. ती पुरणपोळी कशी लाटायची, कुठली गाणी म्हणायची, तिला कोणत्या रंगाचं लुगडं आवडायचं. पस्तीस वर्षांत जिचं नाव घरात निघालं नव्हतं, तिचं नाव त्या रात्री चार-पाच वेळा तरी निघालं. मुलींना तर आपल्याला अशी एक आजी होती हेच नवीन होतं. त्यांना तो फोटो फार आवडला. धाकटी म्हणाली, "आत्या, यात भिण्यासारखं काय आहे?"

जालन्याला परतल्यावर महिनाभरानं भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, आईनं त्या विहिरीवरच्या काट्या काढायला लावल्या. वरच्या दोन पायऱ्या निखळल्या होत्या, त्याही बसवून घेतल्या." मी विचारलं, "कशासाठी?" तर म्हणाला, "पोरींना उन्हाळ्यात पोहायला शिकवायचं म्हणते. भोपळे वाळत घातलेत."